पिशवीवरची चिठ्ठी आणि घरचे बी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस नेमून दिलेला विषय ‘शेती, अन्न व पर्यावरण यांसंबंधीचे अलीकडील कायदे’ असा आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या तिन्ही क्षेत्रांत इतके कायदे, नियम, आदेश आणि दुरुस्त्या झाल्या आहेत की, त्यांची नुसती नामावळी वाचावयाची म्हटले तरी भोजनाची वेळ होईल, आणि नामावळीने कोणाचे पोट भरणार नाही. शेतमालाच्या विक्रीसंबंधीचे तीन कायदे २०२० च्या सप्टेंबरात झाले, त्यांवरून वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसून राहिले आणि २०२१ च्या अखेरीस ते कायदे मागेही घेतले गेले, हे आपण वृत्तपत्रांत वाचलेलेच आहे. एकदा वापरून फेकून देण्याच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. ती कितपत पाळली जाते हे आज सकाळी न्याहारीनंतर मंडपाच्या मागील बाजूस ज्याने पाहिले असेल त्यास आम्ही निराळे सांगावयास नको.

तेव्हा सर्व कायदे सांगण्याचा हव्यास सोडून आम्ही एकच वस्तू हाती घेतो. ती वस्तू म्हणजे बी. बी हे शेतीचे आहे, बी हेच अन्न आहे, आणि अलीकडे बियांच्या जातींवरून पर्यावरणाचे मोठे वादही उभे राहिले आहेत. त्यामुळे नेमून दिलेल्या विषयाबाहेर आम्ही जात नाही. शिवाय आपल्या समाजातील निम्मी कुटुंबे आज पुण्या-मुंबईस नोकरीव्यवसायात असली तरी बहुतेकांचा सातबारा अद्याप गावी आहे, आणि ज्यांचा नाही त्यांचा भाऊ, मेहुणा किंवा मामा मृग नक्षत्राकडे डोळे लावून बसलेला असतोच. मे महिन्याच्या अखेरीस ‘बियाण्यासाठी थोडे पैसे पाठव’ असा निरोप ज्यास येत नाही, असे घर या मंडपात विरळा.

प्रथम थोडा इतिहास. आपल्या देशात बियाण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला तो १९६६ साली. तो काळ अन्नधान्याच्या टंचाईचा होता. राष्ट्रीय बीज निगम १९६३ साली निघाले होते, संकरित ज्वारीचा पहिला वाण १९६४ साली आला होता, आणि मेक्सिकोहून गव्हाचे अठरा हजार टन बियाणे आगबोटीने आणविले गेले ते १९६६ सालीच. आमच्या पिढीने लहानपणी ‘हायब्रीड’ची भाकरी खाल्लेली आहे; ती थंड झाली की कशी होत असे हे जाणत्यांस ठाऊक आहे, पण बहात्तरच्या दुष्काळाच्या दिवसांत तीही कित्येकांस मिळत नव्हती. सांगावयाचा मुद्दा असा की, तोपर्यंत बी ही घरातील वस्तू होती. ती आता दुकानातील वस्तू झाली, आणि दुकानातील वस्तू म्हटली की खरे-खोटे आले, आणि खरे-खोटे आले की कायदा आला.

त्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. शासनाने ज्या वाणांची अधिसूचना काढली असेल त्यांच्या पिशवीवर बियाण्याची खरी माहिती देणारी चिठ्ठी असलीच पाहिजे, असे बंधन घातले. आणि ज्यास आपले बियाणे तपासून प्रमाणित करून घ्यावयाचे असेल त्यासाठी तशी यंत्रणा उभी केली. प्रमाणीकरण ऐच्छिक, चिठ्ठी मात्र सक्तीची. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळी चिठ्ठी असते, पायाभूत बियाण्यास पांढरी, तर पैदासकाराच्या मूळ बियाण्यास सोनेरी पिवळी. ज्यास बाजारात ‘टी. एल.’ म्हणतात त्या सत्यतादर्शक बियाण्यास फिकट हिरवी चिठ्ठी असते. तिचा अर्थ एवढाच की, आत काय आहे ते उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर लिहिले आहे, कोणा तिऱ्हाइताने ते तपासून प्रमाणित केलेले नाही. रंगांचा हा भेद पोरांना पाठ होतो. पण हंगामात पिशवी फोडताना तो किती जण पाहतात, याविषयी आम्हांस शंका आहे.

चिठ्ठीवर काय असते? पिकाचे व वाणाचे नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवणशक्तीचे किमान प्रमाण, शुद्धता, वजन, आणि बियाण्यास औषध चोळलेले असल्यास तशी सूचना. यांपैकी उगवणशक्तीचा आकडा हा खरा कायद्याचा प्राण होय. सोयाबीनसाठी तो शेकडा ७० आहे, ज्वारी व तुरीसाठी ७५, भातासाठी ८०, गव्हासाठी ८५. म्हणजे शंभर दाणे पेरले असता निदान इतके उगवले पाहिजेत. विद्यार्थी शेकडा पस्तीस गुणांवर उत्तीर्ण होतो, सोयाबीनला मात्र सत्तर लागतात!

मात्र या कायद्यास दात फार लहान दिले गेले. पहिल्या अपराधास जास्तीत जास्त ५०० रुपये दंड, आणि तोच अपराध पुन्हा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १९६६ साली पाचशे रुपये ही रक्कम काही लहान नव्हती. परंतु पुढे पगार वाढले, सोन्याचा भाव कोठच्या कोठे गेला, बियाण्याची पिशवी हजारांच्या घरात गेली, आणि हे पाचशे रुपये पाचशेच राहिले. दुसरे असे की, तो दंड सरकारी तिजोरीत जावयाचा. ज्याचे शेत उगवले नाही त्याच्या हाती त्यातील एक पैसाही पडावा, अशी तजवीज त्या कायद्यात नव्हती.

यानंतर १९८३ साली बियाणे नियंत्रण आदेश निघाला. तो जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखालील असल्यामुळे जरा धारदार होता. बियाणे विकणाऱ्यास परवाना लागू लागला, दुकानात साठा व भाव यांचा फलक लावणे आले, आणि प्रत्येक गिऱ्हाइकास विक्रीची पावती देणे बंधनकारक झाले. ‘पावती मागू नये, मागितली तर दुकानदारास राग येतो’ असा एक समज खेड्यापाड्यांतून आहे. पावती मागणे हा अविश्वास दाखविणे नव्हे. दुकानदाराच्या परवान्याचीच ती एक अट आहे.

आता २०२० सालच्या खरिपाकडे वळू. त्या वर्षी पाऊस वेळेवर आला, वाफसा उत्तम झाला, आणि मराठवाडा-विदर्भात लोकांनी हौसेने सोयाबीन पेरले. आठ दिवस गेले, दहा दिवस गेले, तासेच्या तासे रिकामी. कृषी खात्याकडे तक्रारींचे ढीग पडले. अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने वृत्तपत्रांतील बातम्या वाचून आपण होऊन त्याची दखल घेतली. कारण पुष्कळांशी उघड होते. आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने काढणीस आलेले सोयाबीन झोडपून काढले होते. सोयाबीनच्या दाण्याचे कवच पातळ. तो एकदा शेंगेत भिजला की वरून कितीही टवटवीत दिसो, आतला अंकुर मेलेला असतो. अशा वर्षीचे बियाणे पिशवीत भरताना चाचणी अधिकच कसून व्हावयास हवी होती. ती सर्वत्र तशी झाली नाही.

आमच्या एका आप्तांचे उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण ते गृहस्थ संकोची आहेत. त्यांनी त्या वर्षी आठ एकरांसाठी सोयाबीनच्या आठ पिशव्या घेतल्या. दुकानदार ओळखीचा, दोन पिढ्यांचा घरोबा. त्याने वहीच्या अर्ध्या पानावर पिशव्यांची संख्या आणि रक्कम लिहून दिली, खाली सही नाही, वाण नाही, लॉट नंबर नाही. पेरणीच्या दिवशी पिशव्या फोडल्या त्या बांधावर. त्यांतल्या काही वाऱ्याने उडून गेल्या, काही गड्याने पावसात डोक्यावर घोंगडीसारख्या घेतल्या. दहा-बारा दिवसांनी शेत पाहून त्यांचे डोळे पांढरे झाले. तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे ते तक्रार घेऊन गेले. अधिकारी भला होता. त्याने विचारले, ‘काका, पावती?’ त्यांनी वहीचे पान दाखविले. ‘पिशवी? चिठ्ठी?’ एकही शाबूत नव्हती. शेजारच्या शेतकऱ्याने त्याच दुकानातून, बहुधा त्याच लॉटचे बियाणे नेले होते. त्याच्यापाशी पक्के बिल आणि एक रिकामी पिशवी होती. त्याच्या शेताचा समितीने येऊन पंचनामा केला, आणि पुढे त्यास बियाणे बदलून मिळाले. आमच्या आप्तांनी पत्नीची पाटली गहाण ठेवून दुबार पेरणी केली. दोघांचे शेत एका बांधाचे, पाऊस तोच, नुकसान तेच. फरक फक्त दोन कागदांचा.

या ठिकाणी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आपणांस सांगितलाच पाहिजे, कारण तो फार थोड्यांस ठाऊक आहे. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात १६ जानेवारी २०१२ रोजी तो दिला गेला. बियाणे विकणाऱ्या संस्थेचे म्हणणे असे होते की, बियाण्यासाठी निराळा कायदा असताना शेतकऱ्याने ग्राहक न्यायालयात येऊच नये. आणि आलाच, तर त्याने बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला नाही, तेव्हा त्याची तक्रार टिकत नाही. न्यायालयाने दोन्ही मुद्दे अमान्य केले. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय, आणि त्यास ग्राहक संरक्षण कायद्याचा मार्ग मोकळा आहे, असे ठरले. दुसऱ्या मुद्द्यावरील न्यायालयाचे विवेचन तर शेताच्या बांधावर बसून केल्यासारखे आहे. शेतकरी बियाणे घेतो ते पेरण्यासाठी. पुढे कधी भांडण होईल म्हणून त्यातील मूठभर बी तो पुडीत बांधून ठेवील, ही अपेक्षाच चुकीची. तेव्हा नमुना नाही एवढ्यावरून त्याची तक्रार फेटाळता येत नाही.

ग्राहक संरक्षणाचा जुना कायदा १९८६ चा. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात एक मोठी सोय झाली ती अशी की, तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे त्यास तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय हैदराबादेस असले म्हणून हैदराबादेस खेटे घालावयास नकोत. मुदत दोन वर्षांची आहे. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्यास फी पडत नाही. वकील देणेही सक्तीचे नाही, जरी दिला तर बरे. परंतु ग्राहक कोण? ज्याने वस्तू विकत घेतली तो. आणि घेतली हे कशावरून? पुन्हा आपण त्या पावतीपाशी येऊन ठेपतो.

म्हणून आमची विनंती, विशेषतः गावी राहणाऱ्या तरुणांस, अशी की, पिशवी फोडताना चिठ्ठीची शिवण वरून न उसवता खालची बाजू उसवावी, म्हणजे चिठ्ठी पिशवीलाच राहते. मूठभर दाणे त्याच पिशवीत तळाशी ठेवावेत. न्यायालयाने नमुन्याची सक्ती केली नाही हे खरे, पण नमुना असल्यास कोणी रागावत नाही! पक्क्या बिलावर वाणाचे नाव आणि लॉट नंबर लिहून घ्यावा, आणि हे सर्व पीक हाती येईपर्यंत जपावे. उगवण झाली नाही तर शेत मोडण्यापूर्वी तालुक्यास लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. शेत नांगरून दुबार पेरणी केल्यावर समितीने येऊन पाहावयाचे ते काय?

पावतीचे हे महत्त्व कापसाच्या बाबतीत तर आणखी गंभीर होते. बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार २०१५ च्या डिसेंबरातील आदेशान्वये ठरवू लागले. २०१६ साली ती ८०० रुपये होती, २०२४ साली ८६४. किंमत छापलेली असूनही मागणी असलेल्या वाणाचे पाकीट चढ्या दराने, बिलाशिवाय विकले जाते अशा तक्रारी दरसाल होतात; आणि त्या पाकिटाबरोबर नको असलेले औषध किंवा खत गळ्यात मारले जाते, ज्यास बाजारात ‘लिंकिंग’ असे गोंडस नाव आहे. हे सर्व झाले परवानगी असलेल्या बियाण्याचे. याखेरीज एक बियाणे असे आहे की जे दुकानाच्या मागील दाराने येते. तणनाशक मारले तरी जळत नाही असा तो कापूस. वऱ्हाडात त्यास ‘चोर बीटी’ म्हणतात. जनुकीय बदल केलेले असे बियाणे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय समितीच्या मान्यतेवाचून विकता वा पेरता येत नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे काही शेतकऱ्यांनी ते जाहीररीत्या पेरून सत्याग्रह केला. त्यांचे म्हणणे, निंदणीच्या मजुरीने आम्ही बुडालो, जगातील शेतकऱ्यांस जे तंत्र मिळते ते आम्हांस का नको? या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या उलट बाजूस, मोठ्या विद्वानांचे जमिनीविषयीचे, आरोग्याविषयीचे आणि परागीकरणाविषयीचे आक्षेप आहेत. वांग्याचा वाद २०१० साली स्थगितीवर थांबला. मोहरीच्या वादात २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचेच एकमत झाले नाही, तेथे आमच्यासारख्या मॅट्रिक शिकलेल्या मास्तराने निकाल देणे शोभत नाही. आम्ही एवढेच सांगतो की, चोर बीटीला पावती नसते, चिठ्ठी नसते, लॉट नंबर नसतो. ते उगवले नाही, बोंडअळीने खाल्ले, किंवा पाकिटात भलतेच बी निघाले, तर कोणत्या दाराशी उभे राहणार? जो स्वतः आडवाटेने गेला त्यास हमरस्त्यावरचा शिपाई कसा मदत करील?

येथवर विकतच्या बियाण्याविषयी झाले. आता घरच्या बियाण्याविषयी बोलावयाचे आहे, आणि खरे म्हणजे त्यासाठीच आम्ही हा विषय निवडला.

जागतिक व्यापार संघटनेचा करार १९९५ साली अंमलात आला. त्यात अशी अट होती की, वनस्पतींच्या नव्या वाणांना प्रत्येक देशाने पेटंटने म्हणा किंवा निराळ्या कायद्याने म्हणा, काही संरक्षण दिलेच पाहिजे. त्या वेळी गावोगाव अशी आवई उठली होती की, आता घरची ज्वारी पेरली तरी पोलीस येणार. आपल्या देशाने पेटंटचा मार्ग न धरता २००१ साली स्वतंत्र कायदा केला, ‘वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा’; आणि त्याच्या नावातच शेतकऱ्याचा हक्क घातला. या कायद्याचे कलम ३९ आपल्या प्रत्येक मुलास पाठ असावे. त्याचा भावार्थ असा की, एखादा वाण कंपनीच्या नावे संरक्षित असला तरी शेतकऱ्यास आपल्या शेतातील त्याचे बी राखून ठेवण्याचा, वापरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, इतरांस देण्याचा आणि विकण्याचाही हक्क, हा कायदा होण्यापूर्वी जसा होता तसाच राहील. मर्यादा एकच: त्या संरक्षित वाणाच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या पिशवीत घालून, म्हणजे ब्रँड करून, ते विकता येणार नाही. याच कलमात आणखी असे आहे की, संरक्षित वाण विकणाऱ्याने त्यापासून अपेक्षित असलेले उत्पन्न सांगितले पाहिजे, आणि ते न मिळाल्यास शेतकऱ्यास भरपाई मागता येते.

हा हक्क कागदावरचा आहे की खरा, याची परीक्षा २०१९ साली गुजरातेत झाली. पेप्सिको कंपनीने वेफर्सच्या बटाट्याचा एफ. एल. २०२७ हा वाण या कायद्याखाली नोंदविलेला होता. तो वाण आमच्या परवानगीवाचून पिकविला, असे म्हणून कंपनीने काही शेतकऱ्यांवर न्यायालयात दावे लावले. त्यांपैकी चौघांकडून तर प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपयांची मागणी होती. तीन-चार एकरांचा धनी, आणि मागणी कोटीची! देशभर गदारोळ झाला, कलम ३९ चा उच्चार वृत्तपत्रांतून होऊ लागला, आणि २०१९ च्या मे महिन्यात कंपनीने दावे काढून घेतले. पुढे २०२१ च्या डिसेंबरात प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणीच रद्द केली. परंतु जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने ती रद्द करण्याचा निर्णय फिरविला. हा दुसरा निकाल ऐकून पुष्कळांस वाटले की शेतकरी हरला. तसे नाही. तो वाद नोंदणीच्या अर्जातील तारखा आणि तपशील यांविषयी होता. शेतकऱ्याच्या राखून पेरण्याच्या हक्कास त्याने धक्का लागला नाही.

हा हक्क कोणत्या प्रकारच्या लोकांमुळे शोभतो त्याचीही दोन नावे सांगतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दीड एकराचे धनी, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली आपल्या भाताच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या त्यांनी निराळ्या काढल्या, पुढील वर्षी निराळ्या पेरल्या, आणि असे कित्येक हंगाम निवडत निवडत बारीक तांदळाचा एक नवा वाण सिद्ध केला. त्या काळी एच. एम. टी.च्या मनगटी घड्याळांची चलती होती, म्हणून वाणाचे नाव पडले एच. एम. टी. आज तो तांदूळ आपल्यापैकी कित्येकांच्या घरी शिजतो. पुढे कृषी विद्यापीठाने त्याच बियाण्यावरून आपला वाण प्रसृत केला, तेव्हा मूळ शोधकास यथायोग्य श्रेय मिळाले नाही असे दादाजींचे म्हणणे होते. १९८३ साली शेतकऱ्याच्या वाणास मान्यता देणारा कायदाच नव्हता. २००१ च्या कायद्याप्रमाणे शेतकऱ्यास आपला वाण स्वतःच्या नावे नोंदविता येतो, आणि त्यासाठी फी पडत नाही. दादाजी २०१८ साली गेले. दुसरे नाव अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे. त्या शाळेची पायरी चढल्या नाहीत; पण वाल, घेवडा, भात, नागली यांचे कितीतरी गावरान वाण त्यांनी मडक्यांतून जपले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आता आम्ही जे बोलणार आहोत ते काहींस बोचेल. कायद्याने आपला हक्क राखला. पण बी कोठे आहे? या मंडपात आम्ही विचारले की, ‘कोणाच्या घरी गेल्या वर्षी घरचे बी पेरले?’, तर किती हात वर होतील? हक्क आहे आणि वस्तू नाही, ही स्थिती विहिरीचा सातबारा असून विहिरीत पाणी नसण्यासारखी आहे. एके काळी कणग्या होत्या, उतरंडी होत्या. बियाण्याची ज्वारीची कणसे निवडून आढ्याला टांगलेली असत, चुलीच्या धुराने त्यांस कीड लागत नसे. कडधान्याला राख चोळून, कडुनिंबाचा पाला घालून मडक्याचे तोंड शेणमातीने लिंपीत. हे काम स्त्रियांचे. कोणते कणीस बियाण्याला ठेवावयाचे ते सासू ठरवी, सून शिके. आता घरे सिमेंटची झाली, आढे गेले, चूल गेली, आणि मुख्य म्हणजे ते ज्ञान ज्यांच्यापाशी होते त्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. कायदा हे परत आणून देऊ शकत नाही.

सर्वच बियाणे घरी राखता येते असे मात्र कोणी समजू नये. संकरित वाणाचे बी दुसऱ्या वर्षी पेरले तर पीक एकसारखे येत नाही. मेंडेलने वाटाण्याच्या झाडांवरून दीडशे वर्षांपूर्वी हे दाखविले, आणि आम्ही ते फळ्यावर चौकटी काढून वर्षानुवर्षे शिकवीत आलो. म्हणून संकरित कापूस, मका, बाजरी यांचे बी दरसाल विकत घेणे भाग आहे. पण सोयाबीन, हरभरा, मूग, उडीद, गहू, भात ही सरळ वाणांची पिके आहेत. त्यांचे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते, त्यामुळे एकदा घेतलेले प्रमाणित बियाणे दोन-तीन वर्षे घरचे राखून पेरता येते. ज्या सोयाबीनने २०२० साली रडविले, ते सोयाबीन घरचे राखता येणाऱ्यांपैकी आहे, ही गोष्ट ध्यानात घ्या. मळणी यंत्र मंद वेगाने चालवावे, दाणे बाराच्या आसपास ओलाव्यापर्यंत वाळवावेत, पोती ओल्या फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत, थप्पी उंच रचू नये, आणि आपटू नये. सोयाबीनचे पोते नवजात बालकासारखे हाताळावे.

कायद्याकडे पुन्हा एकदा वळून आम्ही आटोपते घेतो. १९६६ च्या कायद्याच्या जागी नवा आणण्याचे प्रयत्न पुष्कळ वर्षांचे. २००४ साली एक विधेयक राज्यसभेत मांडले गेले आणि तसेच राहिले. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्रीय कृषी मंत्रालयाने नवा मसुदा प्रसिद्ध करून ११ डिसेंबरपर्यंत लोकांकडून सूचना मागविल्या. त्या मसुद्यात शेतकऱ्यांचे वाण सोडून इतर वाणांची नोंदणी सक्तीची केली होती, पिशवीवर क्यू-आर कोड छापण्याचे योजिले होते, आणि गंभीर अपराधास ३० लाख रुपयांपर्यंत दंड व तीन वर्षांपर्यंत कैद सुचविली होती. पाचशे रुपयांवरून तीस लाख! दाताऐवजी सुळे आले म्हणावयाचे. शेतकऱ्याने आपले बी राखण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचा हक्कही, ब्रँडची मर्यादा ठेवून, त्यात पुन्हा लिहिला होता. हे स्वागतार्ह होय. परंतु शेतकऱ्यांच्या संघटनांनी एक आक्षेप घेतला आणि तो आम्हांस पटतो: दंड जबर झाला तरी तो पुन्हा तिजोरीतच जाणार, ज्याची तासे रिकामी राहिली त्यास भरपाई किती दिवसांत आणि कोणाकडून, याचे सरळ उत्तर त्या मसुद्यात नव्हते. मसुदा इंग्रजीत, सूचनांची मुदत महिन्याची, आणि ते दिवस रब्बीच्या पाण्याच्या पाळ्यांचे. आपल्या संस्थेत वकील आहेत, कृषी पदवीधर आहेत, टंकलेखन जाणणाऱ्या मुली आहेत. असा एखादा मसुदा पुन्हा निघाला, तर त्याचा मराठी गोषवारा आठवड्याभरात काढून तो गावोगावच्या सभासदांस पाठवावा आणि त्यांचे म्हणणे एकत्र करून वेळेत दिल्लीस धाडावे, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे लेखी ठेवलेली आहे. तीत खर्च टपालहशिलापुरता आहे.

आणखी एक सूचना भगिनींसाठी. घरच्या बियाण्याची उगवणशक्ती पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. शंभर दाणे न निवडता, जसे हाती येतील तसे मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरा ओला तुकडा घालून सैलसर गुंडाळी करावी, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. पाच-सहा दिवसांनी उलगडून जोमदार कोंब मोजावेत. सोयाबीनचे सत्तर वा अधिक भरले तर नेहमीप्रमाणे एकरी तीस किलो पेरावे. त्याहून थोडे कमी भरले तर त्या मानाने बियाणे वाढवावे. फारच कमी भरले तर ते बियाणे म्हणून वापरू नये, बाजारात घालावे. आम्ही शाळेत असताना हा प्रयोग मुलांकडून करवून घेत असू, आणि त्याचे आकडे मुले घरी जाऊन सांगत. कित्येक बाप त्या आकड्यांवरून पेरणी ठरवीत.

मंडपाबाहेर डाव्या हाताच्या टेबलावर आम्ही निळ्या आणि हिरव्या चिठ्ठीच्या रिकाम्या पिशव्या ठेवल्या आहेत, शेजारी पाच दिवसांपूर्वी मांडलेली गोणपाटाची गुंडाळी आहे. ती अद्याप उलगडलेली नाही. भोजनानंतर मुलांनी तेथे यावे, आपण मिळून मोजू.